“दूध पुरत नाही वाटतं” असं म्हणण्याआधी लंगोट मोजा

आजचा भाग बाळंतिणीसाठी नाहीये. तिच्या आजूबाजूला वावरणाऱ्यांसाठी आहे. नवरा, भाऊ, दीर, नणंद, मैत्रीण... म्हणजे तुम्ही आणि मी.

बाळ रडलं की घरात पहिलं वाक्य कुठलं येतं? “दूध पुरत नाही वाटतं.” माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा भेटायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण डिंकाच्या लाडवांच्या डब्यासोबत हे वाक्यही घेऊन यायचं. म्हणतात ते काळजीपोटीच. पण पुढे काय होतं बघा. आईच्या मनात शंका येते, मग वरचं दूध सुरू होतं. त्यानं बाळाचं पोट भरतं आणि ते अंगावर कमी पितं. आणि दूध बनण्याचा हिशोब असा आहे की बाळ जितकं ओढेल, तितकं बनतं. ओढणं कमी झालं की बनणंही कमी. म्हणजे आधी नुसती शंका होती, ती आठवड्याभरात खरी व्हायला लागते!

त्यात आई ताणात असेल, दुखत असेल, तर दूध असूनही पान्हा लवकर फुटत नाही. टोमण्यांचा परिणाम असा थेट होतो.

मग पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही. बाळ गरमीनं रडतं, झोप आली म्हणून रडतं, उगाचही रडतं. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागणं हे अगदी नेहमीचं आहे. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून 6 किंवा जास्त ओले लंगोट, आणि वजन वाढतंय? मग पुरतंय. जन्मानंतर वजन आधी थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत परत जन्माइतकं होतं. गावाकडे आशाताई 42 दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येऊन वजन करतात. आमच्याकडे मोबाइलवर ही नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पुढचा पाहुणा “पुरत नाही” म्हणाला की मी सरळ आकडा सांगायचो.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेव्हा इवलंसंच असतं. तो पिळून टाकू देऊ नका. सहा महिने पाणी, मध, गुटी काही नाही. इथे आजीशी वाद होणार, तो तुम्ही घाला, बाळंतिणीवर सोडू नका.

बाकी कामं साधी आहेत. ती पाजायला बसली की शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. नंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट बदला, तिला झोपू द्या. पाहुण्यांना “उद्या या” सांगा.

लंगोट कमी ओले होतायत, बाळ पाजायला उठवलं तरी उठत नाहीये, किंवा आईला ताप येऊन छाती लाल झालीय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाजताना रोजच खूप दुखत असेल तरी दाखवा, बऱ्याचदा बाळाला धरण्याची पद्धत बदलली की फरक पडतो.

भेटू पुढच्या भागात.