सफारीला निघताना: बॅग भरण्याआधीची तयारी

नैरोबीत नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांचा फोन आला, "भाभी, यंदा अम्मींना घेऊन महिनाभर या. मसाई मारा दाखवतो." भातकुलीतल्या आमच्या घरात जणू ईदच आली. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६७. विमानात कधी बसल्या नव्हत्या. आम्ही उत्साहात आधी तिकिटे काढली आणि चूक तिथेच झाली.

आधी लस, मग तिकीट

केनियाला जाणाऱ्याने पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि आधी नंबर लावावा लागतो. आम्ही चौकशी केली तेव्हा निघायला १२ दिवस उरले होते. नंबर मिळाला तो प्रवासाच्या तारखेनंतरचा. शिवाय साठीपुढच्या माणसांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून अम्मींची तपासणी करून डॉक्टरांनी संमती देणे गरजेचे होते. तिकिटे पुढे ढकलली आणि जादा पैसे भरले. जूनचा प्रवास जुलैवर गेला. एक बरे, ही लस एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे बायकांच्या नावापुढे एका कागदावर 'बी', तर दुसऱ्यावर 'बेगम' असते. पासपोर्टवर असेल तेच नाव तिकिटावर, लसीच्या पिवळ्या पुस्तिकेत आणि प्रवास परवान्यावर हवे. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन परवाना सुरू केला आहे. तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो.

आफ्रिका म्हणजे ऊन नव्हे

आम्ही ४५ अंशांत तापणारे वऱ्हाडी. अम्मींनी सगळे सुती कपडे काढून ठेवले होते. पण चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे, तर नैरोबी सुमारे १८०० मीटर. तिथे जुलैत थंडी असते. उघड्या छताच्या गाडीतून पहाटे फिरताना स्वेटर, मोजे आणि कानांना बांधायला रुमाल हवाच.

रंगही पाहून घ्यावा. तिथल्या त्सेत्से माश्या काळ्या आणि गडद निळ्या रंगाकडे ओढल्या जातात. त्यामुळे अम्मींचा काळा बुरखा नैरोबीपुरता ठेवला आणि जंगलासाठी राखी रंगाचा सैल बुरखा शिवून घेतला. पूर्ण बाह्यांचे कपडे डासांपासूनही वाचवतात. मात्र लष्करी छापाचे कपडे मुलांनाही घालू नयेत. केनियात त्यांना मनाई आहे.

पिशव्या कापडाच्या

आपल्याला प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची सवय. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. जून २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या, स्टीलच्या बाटल्या घेतल्या. पाणी विचारूनच प्यायचे, हे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

जंगलात लहान विमानाने जाणार असाल, तर साधारण १५ किलोच सामान नेता येते, तेही मऊ बॅगेत. आम्ही गाडीने गेलो, तरी हाच नियम पाळला.

हातातल्या बॅगेत अम्मींच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या महिन्याच्या हिशोबाने, वर १० दिवसांच्या जादा, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवल्या. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. चार्जरसाठी तिथले चौकोनी तीन पिनांचे प्लग चालतात.

किब्ला आणि जेवण

भातकुलीत आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. नैरोबीत मक्का जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. जंगलात मोबाइलला रेंज नसते, म्हणून छोटे होकायंत्र आणि पातळ जानमाज घेतली. कसर नमाजचे मसले मुक्कामानुसार बदलतात. ते मौलानांकडून आधीच समजून घेतले.

नैरोबीत हलाल जेवणाची चिंता नाही. तिथे समोसा, पिलाव, चपाती ओळखीच्याच नावांनी मिळतात. जंगलातल्या कॅम्पला मात्र आरक्षण करतानाच सांगावे. आम्ही खजूर, फुटाणे आणि कोरडी चटणी नेली. ताजी फळे, मांस, बियाणे नेऊ नयेत.

मेळघाटात तालीम

फेब्रुवारीत आम्ही सेमाडोहला एक पहाटेची सफारी केली होती. जीपमध्ये चढताना अम्मींचे गुडघे दुखले, धक्क्यांनी कंबर धरली. म्हणून आफ्रिकेच्या बॅगेत पहिली गेली ती त्यांची उशी आणि गुडघ्यांचे पट्टे. ज्येष्ठांना नेणाऱ्या प्रत्येक घराने अशी तालीम करावी. मेळघाट आपल्या दारातच आहे.

'सफारी' हा शब्द स्वाहिलीत अरबीतून गेला. मूळ तोच आपला 'सफर'. माऱ्यात पहिल्या सकाळी हत्तींचा कळप पाहून अम्मी हळूच "सुब्हानअल्लाह" म्हणाल्या आणि कितीतरी वेळ गप्प बसल्या. उशी त्यांच्या पाठीशी होती, गोळ्या माझ्या पर्समध्ये. जादा भरलेल्या पैशांची आठवण त्या क्षणी कुणालाच झाली नाही. तुम्हाला मात्र ते भरावे लागू नयेत, म्हणून हे लिहिले.