सुई दोन बोटे वर लागली की

लस टोचून घेतली की दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते आणि मग माणूस ते विसरून जातो. परंतु क्वचित कोणाची ती वेदना ओसरतच नाही. ४८ तासांच्या आत खांदा ठणकू लागतो, हात डोक्याच्या वर जात नाही, त्या कुशीवर निजणे अशक्य होते, आणि हे महिनोन् महिने चालते. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाला किंवा लोकलमधील कडी धरून उभ्या राहणाऱ्या कारकुनाला याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

याचे मूळ लसीपेक्षा सुई कोठे शिरली यात असते. खांद्याच्या टोकाशी जे हाड हाताला लागते, त्याच्या दोन-तीन बोटे खाली, दंडाच्या जाड स्नायूत लस जावयास हवी. ती त्याहून वर टोचली गेली, तर स्नायूखाली सांध्याचे घर्षण कमी करणारी जी द्रवाची पिशवी असते, तीत औषध उतरते व तेथे दाह सुरू होतो. कारण पाहू गेल्यास अगदी क्षुल्लक. बाही वर करण्याचा कंटाळा करून सदरा गळ्याकडून ओढला, की खांद्याचा नेमका वरचाच भाग उघडा पडतो! परिचारिका उभी आणि लस घेणारा बसलेला, अशा स्थितीतही हात वर जातो.

हा सारा मनाचा खेळ असावा, अशी शंका घेणाऱ्यांनी अमेरिकेतील हकीकत पाहावी. तेथील भरपाई योजनेकडे आलेल्या १३ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. २०१७ साली हा विकार योजनेच्या अधिकृत सूचीत आला. २०२१ च्या जानेवारीत तो वगळण्याचे ठरले, पण एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. या कबुलीने तेथील लसीकरण काही थांबले नाही.

आपल्याकडे जुलै २०२२ पर्यंत कोविड लसीच्या २०० कोटी मात्रा टोचल्या गेल्या. त्या राबणाऱ्या हातांविषयी कृतज्ञताच हवी. तथापि दुखरा खांदा घेऊन आलेल्या रुग्णाची ‘वयोमानाने होते’ एवढ्यावर बोळवण करणे न्यायाचे नव्हे. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा येथेही आहे. आठवडा उलटूनही खांदा उचलत नसेल, तर डॉक्टरांनी सुई कोठे लागली हे विचारावे, ती नोंद वर पाठवावी आणि सांधा आखडण्यापूर्वी उपचार सुरू करावेत.