भीमा-नीरेच्या दुआबातील आंबा

दिवाळीचा अंक वाचकाच्या हाती पडतो, तेव्हा आंब्याच्या झाडावर फळ तर नसतेच, पण मोहोराचाही मागमूस नसतो. आणि आंब्यांच्या जातींची तुलना करण्यास नेमकी हीच वेळ प्रशस्त, असे आमचे मत आहे. वैशाखात रसाची वाटी पुढ्यात असता जो जिन्नस जिभेवर असेल तोच अव्वल ठरतो, आणि वादी, प्रतिवादी व न्यायाधीश हे तिघेही एकाच पंगतीस बसलेले असल्यामुळे निवाडा निःपक्षपाती होण्याचा संभव फारसा राहत नाही.

कोकणातील मनुष्यास हा निवाडा करावाच लागत नाही, कारण त्याचा कौल जन्मतःच हापुसाच्या बाजूने पडलेला असतो. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची गोष्ट निराळी. सह्याद्रीची सर ओसरल्यावर वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पदरी पडणारा हा अवर्षणप्रवण मुलूख. दक्षिणेस नीरा, उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि दोहोंचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकास नीरा-नरसिंहपूर येथे. या दुआबाचा असा एकच एक कुळाचा आंबा नाही. येथे जे आंबे आले ते निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या पाण्यावर आले. म्हणून त्यांची तुलना करावयाची तर जिभेइतकीच पाण्याचीही साक्ष काढावी लागते.

यांतील मूळचा मिरासदार म्हणजे रायवळ, गावच्या भाषेत गावरान आंबा. मोटेच्या विहिरीची थारोळ्याकडील बाजू, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, एवढ्याच ओलीवर हे वृक्ष वाढले आणि लावणाऱ्याच्या नातवा-पणतवांपर्यंत फळत राहिले. शिवकालीन राज्यनीतीचा सारांश म्हणून मान्यता पावलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्या-फणसास हात लावण्याची मनाई आहे, आणि तिचे कारणही दिले आहे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन केलेली असतात. कोयीपासून वाढलेल्या झाडाचे फळ बहुधा आईसारखे निपजत नाही, म्हणून प्रत्येक रायवळ झाड हीच एक स्वतंत्र जात असते. बडीशेपेचा वास येतो तो शेप्या, शेंदरी वर्णाचा तो शेंद्र्या, गोडीने साखरेशी स्पर्धा करतो तो साखऱ्या, खोबऱ्याची चव देतो तो खोबऱ्या, आणि आकाराने लहान तो गोटी, अशी नावे त्या त्या झाडापुरतीच असत; शेजारच्या गावी त्याच नावाचा आंबा अगदी वेगळा निघाला, तरी त्याबद्दल कोणी तक्रार गुदरीत नसे.

रायवळ कापून खाण्याचा नव्हे. पाण्यात भिजत ठेवलेला आंबा तळहातांत हलके माचवावा, देठाकडील डेख काढून चिकाचे पहिले थेंब टाकून द्यावेत, आणि मग चोखावा, हा त्याचा शिरस्ता. त्याचा रस पातळ, दोरे पुष्कळ, आंबटगोडाचे प्रमाण दर झाडागणिक वेगळे. परंतु चार-पाच झाडांचे आंबे एकत्र पिळले म्हणजे जो रस होतो, त्यात एकाची आंबटाई दुसऱ्याच्या गोडीस सावरून घेते, आणि सुंठीची चिमूट व तुपाची धार पडल्यावर पोळी-कुरडयांच्या जेवणात तो रस ज्या प्रमाणात खपतो, त्या प्रमाणात कोणत्याही कलमी आंब्याचा रस पोटास सोसत नाही.

दुसरा हापूस. हा या भागी पाहुणा. पोर्तुगीज अमलात गोव्याकडे कलमांची विद्या रुजली आणि त्यातून हा आंबा पुढे किनाऱ्याने वर सरकला. सुगंध, तंतुहीन घट्ट गर, कापल्यावर फोड न ढळण्याचा गुण आणि पिकल्यावरही काही दिवस टिकण्याची ताकद, या चारही गोष्टी एकाच फळात एकत्र येणे दुर्मिळ. त्याबाबतीत हापुसाची थोरवी नाकारण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. परंतु जांभ्या जमिनीतून आणि समुद्राच्या हवेतून उठवून त्यास कोरड्या पठारावर वसविले, तर तो मनापासून नांदतोच असे नाही. एक वर्ष फळून दुसऱ्या वर्षी पाठ फिरविण्याची त्याची खोड येथेही सुटत नाही, आणि उन्हाच्या झळीने आतला गर पांढरट व पोचट होणारा साका बाहेरून ओळखू येत नाही. 2018 मध्ये हापुसास भौगोलिक मानांकन मिळाले ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या नावे. पुणे जिल्ह्यातही जुन्नरच्या बाजूस हापूस होतो, पण कोकणचा हंगाम उताराला लागल्यावर तो बाजारात येतो. बारामती-इंदापूरकराच्या घरी पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जी पेटी येते, ती आजही घाट उतरून नव्हे, घाट चढूनच आलेली असते. तिच्यासोबत क्वचित पायरी येते. टिकाऊपणात ती हापुसापुढे उणी, पण रसासाठी हापुसाहून पायरी सरस, असे जाणकार मंडळी आवाज खाली आणून का होईना, पण निश्चयाने सांगतात.

तिसरा केशर, आणि या दुआबाच्या आंब्याचा अर्वाचीन इतिहास म्हणजे बव्हंशी केशराचाच इतिहास. गिरनारच्या पायथ्याशी वाढलेल्या या आंब्यास 1934 मध्ये जुनागडच्या नवाबाने गराच्या रंगावरून हे नाव दिले. गीरच्या केशरास 2011 मध्ये मानांकन मिळाले, मराठवाड्याच्या केशरास 2016 मध्ये. केशर आमच्याकडे स्थिरावला तो मात्र पाण्याच्या एका नव्या समजुतीमुळे, आणि ती समजूत पटण्यास शंभर वर्षे लागली.

1876-77 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ नीरेच्या डाव्या कालव्याचे काम होऊन 1885 च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले; पुढे त्या जोरावर ऊस आला, साखर कारखाने आले, वालचंदनगरसारखी वसाहत उभी राहिली; 1980 मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाल्यावर भीमेचा फुगवटा इंदापूरच्या उत्तर सीमेवर पसरला. एवढे पाणी आले तर आंबा बहरावयास हवा होता, पण आंब्याचा स्वभाव विपरीत आहे. पावसाळा सरल्यावर काही काळ मुळांना ताण बसल्याखेरीज त्यास मोहोर फुटत नाही. उसाचे पाटपाणी बारमाही मुळाशी राहिले, तर तो पालवीच्या मागे लागतो आणि फळाचे नाव घेत नाही. जमीन पाणथळ होऊन चोपण झाली, तर तेवढेही नाही. म्हणजे ज्या कालव्याने मुलूख सुखी केला, त्यानेच बांधावरच्या मिरासदाराची काही अंशी मिरास खालसा केली.

ठिबक सिंचनाने हा गुंता सोडविला, कारण त्यात पाणी देणे जितके हाती आहे, तितकेच ते तोडणेही हाती आहे. 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फलोद्यान योजना काढली, आणि जिरायती माळावर फळझाडे लावण्यास शेतकऱ्यास सरकारी आधार मिळाला. माळेगावनजीक शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र, आणि 2009 मध्ये कोनशिला बसलेली माळेगाव खुर्द येथील अजैविक ताण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, यांमुळे मुरमाड जमीन आणि पाण्याचा ताण हे या भागी अभ्यासाचेच विषय झाले. पूर्वी 10 मीटर अंतराने हेक्टरी 100 कलमे लावीत. आता अंतर निम्म्यावर आणून हेक्टरी 400 लावतात, छाटणीने झाड ठेंगणे ठेवतात, आणि फळ जमिनीवरून हाताने खुडता येते. केशरास साक्याचा उपसर्ग नाही, फळधारणा हापुसापेक्षा नियमित, आणि कोकणची आवक आटू लागते त्याच सुमारास हा पाडास येतो. पिकल्यावरही साल पुष्कळदा हिरवट राहते, म्हणून रंग पाहून आंबा घेणारे गिऱ्हाईक प्रथम बिचकते. फोड चाखल्यावर त्याची शंका फिटते. भीती दोन वेळची: मोहोरावर अवकाळी गारपीट आणि काढणीच्या तोंडावर वळीव.

उरलेल्या मंडळींचा उल्लेख ओझरता पुरे. तोतापुरी तिखट-मिठाबरोबर शाळकरी मुलांची, आणि रसाच्या कारखान्यांची. लंगडा, दशेरी उत्तरेकडून उशिरा येणारे. वेंगुर्ल्याच्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना दिला, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा सिंधू. दोहोंची कुलीनता निर्विवाद असली, तरी बाजारात त्यांचा दरारा अद्याप बसलेला नाही.

आता निवाडा. एकाच नावास गादीवर बसवून बाकीच्यांस चोपदार करणे ही बाजाराची रीत. घराची रीत महिन्या-महिन्याने आणि कामाकामाने मान वाटून देण्याची आहे. चैत्रातील डाळ-पन्ह्यास आणि लोणच्यास रायवळाची कडक, आंबट कैरी; कापून खाण्यास हापूस; मोजक्या माणसांच्या रसास पायरी; पंगतीच्या रसास पुन्हा रायवळ; आणि ज्येष्ठातील ताटास, तसेच शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबास, केशर. आमच्या तालुक्यांपुरता पहिला मान केशराचा, कारण या मातीशी आणि या पाण्याशी त्याने जो तह केला तो हापुसास साधला नाही.

परंतु मानाबरोबर एक जबाबदारीही येते. हापूस काय किंवा केशर काय, दोन्ही कुलांचे मूळपुरुष कधीकाळी निनावी रोपेच होती. कोणाच्या तरी जिभेने त्यांस हेरले, कोणीतरी त्यांवरून कलम बांधले, म्हणून ती वाचली. कलम जातीस चिरंजीव करते, पण नवी जात घडविण्याचे सामर्थ्य कोयीतच असते. रस्ता रुंद होतो, विहीर बुजते, बांध सरकतो, आणि दरवेळी एखाद्या जातीचे एकुलते एक झाड सरपणात जाते. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करण्याची वहिवाट आपल्याकडे आहेच. तीत एवढीच भर घालावी की गावोगावच्या जुन्या रायवळांचे पत्रक व्हावे, फळाचा वास, रंग, गोडी आणि पाडाचा महिना त्यात लिहिला जावा, आणि उत्तम ठरलेल्या झाडाच्या काड्या कलमासाठी रोपवाटिकेत पोहोचाव्यात. हे काम आंब्याच्या हंगामातच, फळ चाखूनच करावे लागेल. आणि ज्या सरकारी कामासाठी स्वयंसेवकांची उणीव पडणार नाही, असे ते बहुधा एकमेव ठरेल.