पायथनच्या सी-इंटरफेसमधील क्लास व ऑब्जेक्ट : एक विवेचन

प्रस्तावना :
नाशिकमधील, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी पायथन भाषा शिकतात. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू, ही व्याख्या रूढ आहे. भाषेच्या सामान्य वापरास ती पुरते. सी भाषेतून पायथनला नवा क्लास पुरविणाऱ्याची मात्र ती दिशाभूल करते. कारण पायथनमध्ये क्लास हाही एक ऑब्जेक्टच असतो.

विवेचन :
सीच्या पातळीवर ऑब्जेक्टच्या आरंभी मुख्यतः दोन नोंदी असतात : त्याचे संदर्भ किती आहेत याची गणना आणि त्याच्या क्लासकडे नेणारा पॉइंटर. गणना शून्यावर आली की मेमरी मोकळी होते. हा हिशेब सी-प्रोग्रामरनेच सांभाळावयाचा असतो. एक वजाबाकी राहिली तर मेमरी अडकून पडते. एक जादा झाली तर वापरात असलेली मेमरीच मोकळी होऊन प्रोग्राम कोसळू शकतो.

मुंबई येथील आयआयटीचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेले 'मायावी' हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर या संदर्भात पाहण्याजोगे आहे. ते व्हीटीके या सी++ लायब्ररीवर उभे आहे. व्हीटीकेची संदर्भगणना स्वतंत्र, पायथनची स्वतंत्र. दोहोंचा मेळ मधल्या थरास घालावा लागतो.

क्लासचाही हिशेब ठेवावा लागतो, हे अनेकदा विसरले जाते. 2019 मधील पायथन 3.8 पासून, कार्यकाळात निर्माण केलेल्या क्लासचा प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या क्लासचा एक संदर्भ धरून ठेवतो. म्हणून ऑब्जेक्ट नष्ट करणाऱ्या फंक्शनने क्लासचा पॉइंटर आधी बाजूला ठेवावा, ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करावी आणि मगच क्लासची गणना एकाने घटवावी. जुना कोड तसाच ठेवल्यास क्लास कधीच मोकळा होत नाही, आणि चूक लवकर ध्यानातही येत नाही.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे काय, या तपासणीचे उत्तर सी-इंटरफेसमध्ये 1, 0 किंवा -1 असे येते. क्लासला ही तपासणी स्वतःच्या पायथन कोडने ठरविता येते; तो कोड अयशस्वी झाल्यास -1 मिळतो. सी भाषेत शून्येतर संख्या सत्य मानली जात असल्याने केवळ 'इफ' लावणारा प्रोग्रामर त्रुटीलाच होकार समजतो आणि परक्या ऑब्जेक्टची मेमरी आपल्या रचनेप्रमाणे वाचू लागतो.