हे गाव इथेच का वसले?



सुट्टी जवळ आली की आपल्या वर्गात एकच चर्चा असते. कुणी पुण्याला निघालेले असते, कुणी मायोर्काला. जे कुठेच जाणार नसतात, त्यांच्यासाठी हा लेख. आपण हॅम्बुर्गकर तसे भाग्यवान आहोत. आपल्या उत्तरेला लागून श्लेस्विग-होल्श्टाईन हे राज्य आहे. त्याच्या एका अंगाला नॉर्डझे आणि दुसऱ्या अंगाला ओस्टझे, असे दोन समुद्र. या दोन किनाऱ्यांवर छोटी छोटी सुरेख गावे आहेत आणि गेली काही वर्षे आम्ही सहकुटुंब ती एकेक करून पाहत आहोत.

गाव बघायचे, फोटो काढायचे, आईसक्रीम खायचे आणि परतायचे, हेही वाईट नाही. पण आमच्या घरात एक खेळ ठरलेला आहे. गावात शिरले की पहिला प्रश्न विचारायचा : हे गाव इथेच का वसले? मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तो काही तिथून सूर्यास्त छान दिसतो म्हणून नव्हे! त्यामागे समुद्रावर वचक बसवण्याचा विचार होता. तसा विचार इथल्या प्रत्येक गावामागे सापडतो. तो सापडला की गाव लक्षात राहते.

आधी हूझुम बघू. इथल्या बंदरात ओहोटीच्या वेळी गेलात तर पाणीच दिसणार नाही. होड्या चिखलात बसलेल्या असतात, अगदी कोकणातल्या खाडीसारख्या. सहा तासांनी या, त्याच होड्या तीन मीटर वर तरंगत असतात. (ओस्टझेला असे होत नाही. तो समुद्र महासागराला फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुनींनी जोडलेला आहे. भरतीचे पाणी तिथून आत शिरेपर्यंत ओहोटीची वेळ होते.)

गंमत अशी की हूझुम पूर्वी समुद्रकाठी नव्हतेच. १३६२ च्या जानेवारीत एक भयंकर वादळ आले, समुद्र जमिनीत घुसला आणि हूझुमपर्यंत पाण्याची वाट झाली. हूझुमला बंदर मिळाले. पण त्याच पुरात रुंगहोल्ट नावाचे आख्खे गाव बुडाले. शेकडो वर्षे लोक त्याच्या दंतकथा सांगत राहिले. २०२३ साली संशोधकांना तिथल्या चिखलाखाली एका मोठ्या चर्चच्या पायाच्या खुणा सापडल्या. १६३४ साली, म्हणजे शिवाजी महाराज चार वर्षांचे असताना, दुसरा मोठा पूर आला. त्यात श्ट्रांड नावाच्या बेटाचे तुकडे झाले. आज नकाशात पेल्वोर्म आणि नॉर्डश्ट्रांड दिसतात, ते त्याच बेटाचे उरलेले भाग.

म्हणून या किनाऱ्यावर जिकडेतिकडे डाइश, म्हणजे बांध. हा बांध नीट बघा. समुद्राच्या बाजूचा उतार किती लांब आणि सौम्य आहे! उभी भिंत बांधली तर लाट तिच्यावर जोरात आदळते आणि पाया उकरते. लांब उतार असला की लाट वर धावता धावता दमते. हूझुममध्ये १८१७ साली जन्मलेल्या थिओडोर श्टोर्म या लेखकाची 'डेर शिमेलरायटर' ही कथा तुमच्यापैकी मोठ्या मुलांना शाळेत असेल. तिचा नायक हाउके हायेन लहानपणी भूमितीचे पुस्तक वाचतो आणि पुढे असाच सौम्य उताराचा बांध बांधतो. गावकरी मात्र त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. इंजिनियरांच्या नशिबी हे असतेच!

पालकांपैकी जे रायगड किंवा गोव्याकडचे आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. आपल्याकडे खाडीकाठी खारबंदिस्ती करून भातशेती करतात. बांधाला उघाडी असते, गोव्यात तिला मानस म्हणतात. ओहोटीला तिच्यातून शेताचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती बंद राहते. आयडर नदीच्या मुखावर हेच काम पाच अजस्र दारे करतात. १९६२ च्या पुरात आपल्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसे गेली. त्यानंतर हा प्रकल्प हाती घेतला आणि १९७३ साली तो पुरा झाला. आजीला फोन कराल तेव्हा खारबंदिस्तीबद्दल जरूर विचारा.

हूझुमला पावात घालून जी छोटी कोळंबी मिळते, ती आपल्या करंदीसारखी. ती पकडतात इथे, पण बरीचशी सोलायला मोरोक्कोला जाते आणि परत येते. आमच्या मते ताजी घेऊन स्वतः सोलावी. पहिल्या दहा जरा त्रास देतात.

आता आमचे सर्वात आवडते गाव, फ्रीडरिखश्टाट. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. सरळ रेषेतले रस्ते, मध्ये कालवे, त्यांवर पूल आणि बाजारचौकात पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची उंच, अरुंद घरे. जर्मनीत हॉलंड कुठून आले असे वाटते. ते खरोखरच हॉलंडमधून आले! १६२१ साली, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी, इथल्या ड्यूक फ्रीडरिख तिसरा याने हे गाव वसवले. त्याला मोठे व्यापारी शहर हवे होते. पैसा, जहाजे, कालवे खोदण्याचे ज्ञान हे सारे डच लोकांकडे होते. त्याच सुमारास हॉलंडमध्ये धर्मावरून भांडण होऊन रेमॉन्स्ट्रंट नावाच्या पंथाच्या लोकांना देश सोडावा लागत होता. ड्यूकने त्यांना कळवले : इकडे या, तुमच्या पद्धतीने प्रार्थना करा, आमच्यासाठी गाव उभारा. मग मेनोनाइट आले, क्वेकर आले, कॅथलिक आले, पुढे ज्यूही आले. इवल्याशा गावात इतकी प्रार्थनास्थळे!

ड्यूकचा व्यापाराचा बेत काही साधला नाही. रेशमाच्या व्यापारासाठी त्याने इराणला वकील पाठवले, त्यातूनही फारसे हाती लागले नाही. पण त्या मंडळींतला मांडेल्स्लो नावाचा तरुण इराणहून पुढे १६३८ साली सुरतेला उतरला, अहमदाबाद आणि आग्रा पाहून परतीच्या वाटेवर गोव्यालाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन पुढे छापले गेले. तेव्हा या राज्यातून आपल्या मुलखात जाऊन आलेले लोक पावणेचारशे वर्षांपूर्वीही होते, बरे का!

परदेशी माणसाला त्याच्या कसबासाठी बोलावणे हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. २००० साली जर्मन सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढले, तेव्हा आपल्यातली काही कुटुंबे इथे आली. आणि आपल्या मुलांना शाळेत "तू मूळचा कुठला?" हा प्रश्न अजून विचारला जातो. मुले घरी येऊन तोच प्रश्न आम्हाला विचारतात. फ्रीडरिखश्टाटला एकदा जाऊन यावे असे आम्हाला वाटते ते यासाठी. तिथे सारे गावच मूळचे दुसरीकडचे होते. रेमॉन्स्ट्रंट लोकांचे चर्च तिथे आजही आहे.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती खोटी होईल. इथे ज्यूंची वस्ती चांगली मोठी होती. १८४५ साली त्यांनी सिनॅगॉग बांधले. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ते आतून उद्ध्वस्त केले. अडीचशे वर्षांहून जास्त काळ शेजारी म्हणून राहिलेली माणसे काही वर्षांत नाहीशी झाली. कुणी पळाले, कुणाला मारले गेले. ती इमारत उभी आहे आणि आता स्मृतिस्थान व सांस्कृतिक केंद्र म्हणून वापरली जाते. हॅम्बुर्गच्या फुटपाथवर नावे कोरलेले पितळी चौकोन तुम्ही पाहता, तसे इथेही आहेत. छोट्या मुलांना किती सांगायचे ते पालकांनी ठरवावे. आम्ही मोठ्याला सगळे सांगितले, धाकटीला थोडे. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनॅगॉग मोठ्याने गेल्या खेपेला पाहिले होते. तिथले लोक कुठे गेले, असे त्याने विचारले. बरेचसे इस्रायलला गेले, पण आपण होऊन गेले, एवढा फरक त्याला नीट समजला.

ग्ल्यूकश्टाटचे कारण सोपे आहे. १६१७ साली डेन्मार्कचा राजा क्रिस्तियान चौथा याने हॅम्बुर्गचा व्यापार ओढून घेण्यासाठी ते एल्बेकाठी वसवले. बाजारचौकातून ताऱ्याच्या किरणांसारखे रस्ते निघतात. हॅम्बुर्गचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. ग्ल्यूकश्टाटकडे खारवलेला हेरिंग मासा राहिला, आणि तो फार चवदार असतो.

शेवटी ओस्टझेच्या बाजूचे आर्निस. वस्ती सुमारे ३०० आणि तरी कायद्याने शहर, जर्मनीतले सर्वात छोटे. श्लाई या लांबलचक खाडीत ते आहे. शेजारच्या काप्पेलन गावच्या जमीनदाराने तिथल्या रहिवाशांना आपले वेठबिगार करायचे ठरवले. तेव्हा साठ-पासष्ट कुटुंबांनी ड्यूककडून परवानगी मिळवली आणि १६६७ साली समोरच्या ओसाड बेटावर घरे बांधली. पुढे बेट जमिनीला जोडले गेले. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन कसायला नकार दिला, त्याची आम्हाला इथे आठवण झाली. चरीचे लोक जागचे हलले नाहीत, आर्निसचे लोक उठून गेले. कोणते जास्त कठीण, यावर आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर भरपूर वाद झाला.

आर्निसला रेल्वे नाही, गाडी किंवा बस हवी. ग्ल्यूकश्टाट, फ्रीडरिखश्टाट आणि हूझुम मात्र एकाच रेल्वेमार्गावर आहेत. हॅम्बुर्ग-आल्टोनाहून हूझुमला सुमारे दोन तास लागतात, डॉइचलांड-तिकीट चालते. कोणती गाडी कुठे थांबते ते आधी पाहून घ्या. होखडोन येथे गाडी कील कालव्यावरच्या खूप उंच पुलावरून जाते, तेव्हा खिडकी पकडा. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते. टोपीचा रेनकोट न्या.

आणि एक काम. फ्रीडरिखश्टाटच्या जुन्या घरांवर दारापाशी दगडात कोरलेली छोटी चित्रे आहेत. घरांना नंबर नव्हते तेव्हा त्या चित्रांवरून घर ओळखत. पुण्यात नाही का, अमक्या मारुतीसमोर म्हटले की पत्ता समजतो, तसेच. तुमच्या घराला असे चिन्ह द्यायचे तर कोणते द्याल? चित्र काढा, खाली मराठीत एक ओळ लिहा आणि पुढच्या शनिवारी वर्गात आणा. काळ्या पेनने काढा, म्हणजे झेरॉक्स नीट येईल. आमच्या धाकटीने विळी काढली आहे.