५० डॉक्टर आणि एक चॅटबॉट

रेसिडेन्सी करणारी माझी एक मैत्रीण परवा म्हणाली, "रात्रपाळीत सीनियरला उठवण्यापेक्षा चॅटबॉटला विचारणं सोपं. तो वैतागत नाही!" ठीक आहे, पण डॉक्टरच्या हाती चॅटबॉट दिला की निदान खरंच सुधारतं का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ५० डॉक्टरांना (अनुभवी आणि रेसिडेंट, दोन्ही) काही रुग्णांची लेखी माहिती दिली. नेहमीची संदर्भसाधनं सगळ्यांकडे होती; यादृच्छिकपणे निवडलेल्या एका गटाला जोडीला जीपीटी-४ मिळाला. गुण केवळ अंतिम निदानाला नव्हते. कोणकोणते आजार संभवतात, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे, पुढे काय तपासायचं, हेही पाहिलं. गणितात पायऱ्यांना गुण देतात ना, तसंच.

चॅटबॉटवाल्या गटाला मिळाले ७६ टक्के, दुसऱ्याला ७४. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. गंमत पुढे आहे: संशोधकांनी तीच माहिती थेट जीपीटी-४ला दिली, तेव्हा त्याला या दुसऱ्या गटापेक्षा १६ गुण जास्त मिळाले!

म्हणजे हुशार मदतनीस शेजारी बसूनही डॉक्टरांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. एक शक्यता अशी की मनात पहिला अंदाज पक्का झाला, की त्याविरुद्धचं काही वाचलं तरी पटत नाही. दुसरी अगदी साधी: अनेकजण चॅटबॉटला गूगलसारखे तुटक प्रश्न विचारतात, तर संशोधकांनी विचारपूर्वक लिहिलेली सूचना आणि अख्खी केस दिली होती.

पण "डॉक्टर हरले" म्हणणं चूक ठरेल. इथली माहिती आधीच नीट गोळा केलेली होती. खरा रुग्ण "पोटात कसंतरीच होतंय" एवढंच सांगतो. त्यातून कामाचं काय ते काढणं हेच अर्धं निदान.

शिकणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. २०२५ मध्ये पोलंडमधून एक निरीक्षण आलं. ते चॅटबॉटबद्दल नाही, कोलोनोस्कोपीत गाठी दाखवणाऱ्या एआयबद्दल आहे. एआय वापरात येण्यापूर्वी डॉक्टरांना २८.४ टक्के तपासण्यांत कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या गाठी सापडत. ते आल्यावर, त्याच्या मदतीविना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्के झालं. कारण एआयच, हे यावरून सिद्ध होत नाही. पण हे सगळे मुरलेले डॉक्टर होते. ज्यांची नजर अजून तयारच व्हायची आहे, त्यांचं काय?

मैत्रिणीने आता एक सवय लावून घेतली आहे. आधी कागदावर स्वतःचे तीन अंदाज लिहायचे, मगच (रुग्णाचं नाव-गाव न देता, रुग्णालयाने परवानगी दिलेल्याच) चॅटबॉटला विचारायचं. दोन याद्या जुळल्या नाहीत, की सीनियरला उठवायचं.

"आणि जुळल्या, पण दोघंही चुकलेले असले तर?" मी विचारलं.

म्हणून तो कागद ती सकाळच्या राउंडला सोबत नेते.