रात्रीची पाळी एकट्याची नसते

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. भोपाळमध्ये हीच तारीख वेगळ्या कारणानं आठवतात. १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा शहर झोपलेलं होतं. हजारो माणसं गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांची फुप्फुसं आणि डोळे कायमचे अधू झाले.

फुप्फुसं अशी झालेल्या माणसाला आडवं पडलं की दम लागतो. मग बायको नवऱ्याला, नाहीतर नवरा बायकोला उशांना टेकवून बसवतो आणि स्वतःही जागतो. एक-दोन रात्री नाही, वर्षानुवर्षं. भरपाईच्या पहिल्या वाटपात बहुतेक जखमींना सुमारे २५,००० रुपये मिळाले. शेजारी जागणाऱ्याचा हिशोब त्यात नव्हता. पुढे १९९६ मध्ये देणग्यांवर चालणारा संभावना दवाखाना उभा राहिला. तिथं उपचार मोफत ठेवले, आणि आरोग्य कार्यकर्ते वस्तीत घरी जाऊ लागले.

हे आपल्या पेजवर का? कारण आपल्याकडेही कुणी बोटीवर पडून मणका मोडतो, कुणाला लकवा होतो. पहिले आठ दिवस घरात गर्दी असते. नंतरची रात्र एकट्या वहिनीची, आणि पहाटे तीच टोपली घेऊन बाजारात.

रात्रीची मुख्य कामं अशी:

• अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. टाचा उशीनं अधांतरी ठेवा. सरकवताना ओढू नका, खालच्या चादरीनं दोघांनी उचला.
• कातडीवर लाल डाग दिसला आणि दाबूनही फिका होत नसेल, तर जखमेची सुरुवात समजा. तो चोळू नका. त्या जागेवर भार देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.
• लघवीची पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकू नये. नळी मुडपलीय का ते बघा.
• जेवणानंतर अर्धा तास तरी डोकं उंच ठेवा.

कुणालाही शिकता येईल असं हे काम आहे. मग ते एकटीनंच का करायचं? दर्यावर तांडेल एकाच खलाशाला रात्रभर सुकाणूवर बसवत नाही. झोपाळलेला माणूस बोट खडकावर घालेल, हे त्याला माहीत असतं. घरातही तसंच आहे. दमलेल्या हातून औषध चुकतं, कूस बदलायची राहते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर आधी ते काढा, कागदपत्रांना आम्ही मदत करू.

पण भत्ता येईपर्यंत रात्र थांबत नाही. आपल्या आळीत असं घर असेल तर आठवड्यातली एक रात्र मागून घ्या. आधी त्या आजारी माणसाला विचारा, कोण आलेलं चालेल. सात घरं निघाली तर वहिनीला रोज झोप मिळेल. दोनच निघाली तरी दोन रात्री मिळतील.

कोण कुठली रात्र घेणार, संस्थेत येऊन सांगा. आम्ही पाळ्या लावतो.